रॅप ड्रेसचा गळा वारंवार उघडा पडत असेल, तर आधी कंबर तपासावी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या बाजारांत आता रॅप ड्रेस, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून कंबरेशी बंदांनी बांधायचा ड्रेस, सहज मिळतो. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींपासून शाळेत किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या स्त्रियांपर्यंत अनेकजणी तो हौसेने घेतात, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी दोन-चार वेळा घालून तो कपाटात ठेवून देतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. दुरुस्तीसाठी ड्रेस घेऊन आलेली मुलगी पिशवीतून तो बाहेर काढण्याआधीच सांगते, "ताई, गया उघडाच पडस," म्हणजे गळा उघडाच पडतो. तिने सेफ्टी पिन लावून पाहिलेली असते, दुहेरी चिकटपट्टी लावून पाहिलेली असते, गळ्याच्या मध्यावर हूकही बसवून घेतलेला असतो; तरीही तासाभरात पल्ला सरकतो, पिनेभोवतीचे कापड ओढले जाते आणि काही दिवसांनी त्या जागी भोके दिसू लागतात.

पिनेने हा दोष जात नाही, कारण तो गळ्यात दिसत असला तरी बहुतेक वेळा गळ्यात नसतो. रॅप ड्रेसला पुढून बटणे नसतात, चेन नसते. एक पल्ला दुसऱ्यावर आडवा येतो आणि दोन्ही पल्ल्यांचा सगळा भार कंबरेवरच्या बंदांवर असतो. गळ्याची तिरकी कड खांद्यापासून निघून थेट कंबरेच्या शिवणीत शिरते. म्हणून कंबर जिथे बसायला हवी तिथून अर्धा इंच जरी सरकली, तरी त्याचा परिणाम वर गळ्याशी दिसतो. दुरुस्ती करणाऱ्याने नजर गळ्यावर ठेवली तर हात चुकीच्या जागी पडतो.

कापडाचा धर्म आणि एका बंदाची मर्यादा

आज आपण ज्याला रॅप ड्रेस म्हणतो, तो फॅशन डिझायनर डायान फॉन फुर्स्टेनबर्ग यांनी 1974 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाजारात आणला. त्याआधीही गुंडाळून घालायचे पोशाख अमेरिकेत होतेच. डिझायनर क्लेअर मॅकार्डेल यांचा 1942 चा घरकामासाठीचा पोशाख त्यांतला प्रसिद्ध. पण 1974 च्या ड्रेसचे कापड सुती-रेयॉन जर्सीचे, म्हणजे टी-शर्टसारखे ताणणारे होजिअरी कापड होते, आणि आपल्या समस्येचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे. होजिअरी कापड ताणले की अंगाबरोबर येते, सोडले की परत बसते, आणि एक थर दुसऱ्या थरावर ठेवला तर सहसा घसरत नाही. त्यामुळे तिथे एका बंदावर भागते.

आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे बहुतेक रॅप ड्रेस मात्र क्रेप, जॉर्जेट, रेयॉन किंवा केंब्रिक अशा हातमागासारख्या उभ्या-आडव्या धाग्यांनी बनलेल्या कापडाचे असतात. या कापडाला अंगचा ताण नसतो, आणि क्रेप-जॉर्जेटचे दोन थर एकमेकांवरून सहज घसरतात. चित्रात पाहिलेला ड्रेस होजिअरीचा, आणि शिवून घेतलेला जॉर्जेटचा, असे झाले की एकाच कटिंगचे दोन अगदी निराळे परिणाम दिसतात. शिंप्याचे माप बरोबर असूनही गळा उघडा पडतो तो यामुळे.

असल्या कापडाला किती जागी बांधावे लागते, हे आपल्याकडच्या जुन्या कपड्यांनी फार पूर्वी सोडवलेले आहे. बाराबंदीत किंवा अंगरख्यात एक पल्ला दुसऱ्यावर येतो, कापड उभ्या-आडव्या धाग्यांचेच असते, आणि तरीही छाती उघडी पडत नाही. कारण तिथे आतला पल्ला आतल्या बाजूला वेगळा बांधलेला असतो आणि वरचा पल्ला वेगळा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणाऱ्या माणसांकडे पाहावे, म्हणजे इतक्या हालचालीतही पल्ला का सुटत नाही ते कळते. रॅप ड्रेस उभ्या-आडव्या धाग्याच्या कापडात शिवायचा असेल तर तोच नियम पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आतल्या पल्ल्याला स्वतःचा बंद नसेल, तर बाकीच्या सर्व दुरुस्त्या अर्धवट राहतात.

आरशासमोर दोष ओळखणे

दुरुस्तीला हात लावण्याआधी ड्रेस घालून, नेहमीचे आतले कपडे घालून, पंधरा-वीस मिनिटे घरात वावरावे. वाकावे, बसावे, वरच्या फळीवरचा डबा काढावा. मग आरशासमोर उभे राहून गळ्याच्या कडेखाली दोन बोटे घालून पाहावीत. इथे दोन अगदी उलट प्रकार आढळतात, आणि वरवर पाहता ते सारखेच दिसतात.

पहिल्या प्रकारात कड सैल असते. बोटांनी ती सहज उचलली जाते, छातीच्या वरच्या भागात ती अंगापासून दूर उभी राहते, आणि पुढे वाकले की तिचा झोळ होतो. याचा अर्थ त्या तिरक्या कडेची लांबी गरजेपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या प्रकारात कड ताठ असते. बोटे घालताना ती रुतते, छातीच्या दोन्ही बाजूंना सरकू पाहते, आणि बहुधा पाठीवर किंवा मुंढ्याजवळ (बाही जोडतात तिथे) आडव्या रेघा पडलेल्या असतात. याचा अर्थ छातीच्या मापात कापड कमी पडते आहे. सैल कडेला पिन लावली तर झोळ पिनेच्या वर किंवा खाली जमतो. ताठ कडेला पिन लावली तर कापड फाटते. म्हणून हा फरक न ओळखता काहीही करू नये.

त्यानंतर कंबर पाहावी. कंबरेभोवती एक साधी इलॅस्टिकची पट्टी बांधून बाजूला वाकावे. जिथे अंगाला घडी पडते तिथे ती पट्टी आपोआप येऊन बसते, आणि तीच आपली खरी कंबर. ड्रेसची कंबरेची शिवण या पट्टीवर यायला हवी. ती पट्टीच्या खाली असेल, तर बंद घट्ट बांधल्यावर चालता-फिरता तो वर सरकून खऱ्या कंबरेवर येतो, आणि मधले जास्तीचे कापड वर ढकलले जाऊन गळ्याशी जमते. आपल्या भागात आढळणाऱ्या सैल गळ्यांपैकी बहुसंख्य या एका कारणाने असतात, कारण तयार ड्रेसच्या वरच्या भागाची लांबी सरासरीपेक्षा उंच बांध्यावर बेतलेली असते. शिवण पट्टीच्या वर चढलेली असेल आणि गळा ताठ असेल, तर मात्र वरचा भाग आखूड आहे, आणि त्याची वाट वेगळी.

सैल गळा: कंबरेच्या शिवणीतून खेचून घेणे

हीच दुरुस्ती सर्वांत उपयोगी आहे आणि ती घरच्या शिलाई मशीनवर होते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

ड्रेस अंगावर असतानाच गळ्याच्या कडेवर, छातीच्या थोडे वर, चिमटीत जास्तीचे कापड धरावे आणि कड अंगाला लागेपर्यंत चिमटी वाढवावी. चिमटीत किती कापड आले ते मोजावे. ते साधारण अर्धा ते पाऊण इंच भरते. ड्रेस काढून उलटा करावा आणि कंबरेची शिवण गळ्याच्या टोकापासून बाजूच्या शिवणीच्या दिशेने उसवावी. बाजूची शिवण उसवण्याची गरज नसते. आता वरच्या भागाचे गळ्याकडचे टोक मोजलेल्या मापाइतके खाली खेचून शिवणीच्या आत घ्यावे, आणि ही खेच बाजूच्या शिवणीपर्यंत जाताना कमी कमी होत शून्यावर यावी. कच्चा धावदोरा घालून ड्रेस पुन्हा अंगावर घालून पाहावा, आणि मगच पक्की टीप मारावी. दोन्ही पल्ल्यांना हे सारखेच करायचे असते. आतला पल्ला दिसत नाही म्हणून तो तसाच सोडला, तर तो आतून ढिला राहून वरच्या पल्ल्याला ढकलत राहतो आणि आठवड्यात तक्रार परत येते.

पाऊण इंचापेक्षा अधिक कापड चिमटीत येत असेल, तर सगळे कंबरेतून घेऊ नये. चुण्या किंवा टक्स वाकडे दिसू लागतात. अशा वेळी काही भाग खांद्याच्या शिवणीतून घ्यावा. खांदा अर्धा इंच उचलल्याने मुंढाही तेवढाच आखडतो, हे लक्षात ठेवून बाही लावलेल्या ड्रेसमध्ये त्याहून जास्त उचलू नये.

गळ्याच्या कडेचा स्वतःचाही एक दोष असतो. ही कड तिरकी कापलेली असते, आणि तिरके कापलेले कोणतेही कापड हाताळताना, शिवताना, हँगरवर टांगताना वाढतच राहते. नवा ड्रेस शिवून घेत असाल तर टेलरला आवर्जून सांगावे की कापल्याबरोबर, इतर काहीही जोडण्याआधी, गळ्याच्या कडेला एक साधी टीप मारून घ्यावी, आणि गळ्याची पट्टी जोडताना आत पातळ सुती फीत धरावी. ही फीत गळ्याच्या कडेपेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा इंच आखूड घ्यावी आणि छातीच्या उंचवट्याच्या भागात कड किंचित गोळा करत तिच्यावर बसवावी. क्रॉस, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावून गळा दुमडण्याची पद्धत ब्लाऊजला चांगली, पण इथे नको. क्रॉस पट्टी स्वतःच ताणली जाते, त्यामुळे कडेला आधार मिळण्याऐवजी दोन्ही मिळून वाढतात. जुन्या ड्रेसमध्येही पट्टी उलटवून आतून फीत हाताने घालता येते. काम वेळखाऊ आहे, पण केल्यावर गळा पुन्हा वाढत नाही.

ताठ गळा: इथे खेचून चालत नाही

कड ताठ असेल तर कापड कमी आहे, आणि कमी असलेले कापड बंद घट्ट बांधून वाढत नाही. बंद जितका आवळावा तितके पल्ले छातीवरून बाजूला पळतात. तयार ड्रेसमध्ये बाजूच्या शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, शिल्लक असेल तर तो मोकळा करून पाहावा. छातीला एकूण एक इंच जरी मिळाला तरी पुष्कळ फरक पडतो. दाब नसेल तर बगलेखाली दोन्ही बाजूंना त्याच कापडाची किंवा मिळत्याजुळत्या रंगाची लांबट पाचर बसवावी. आपल्याकडे ब्लाऊजला बगलेत तुकडा जोडण्याची पद्धत सर्वांच्या सवयीची आहे, आणि हात खाली असताना तो दिसतही नाही. शिवणच वर चढत असेल, तर कंबरेच्या शिवणीत दोन इंचांची वेगळी पट्टी घालून वरचा भाग लांब करता येतो. विरुद्ध रंगाची पट्टी घेतली तर ती मुद्दाम केलेल्या पट्ट्यासारखी शोभून दिसते.

ताठ गळ्यावर टिच बटण लावू नये. सैल गळ्याची दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या किरकोळ हालचालीसाठी मात्र ते उत्तम. दोन्ही पल्ले जिथे एकमेकांना छेदतात, तिथे लहान आकाराचे टिच बटण फक्त आतल्या पट्टीत टाके घेऊन बसवावे, म्हणजे वरून काही दिसत नाही. कापड पातळ असेल तर मागे नखाएवढा सुती तुकडा ठेवून त्यावर टाके घ्यावेत.

आतला बंद, बाजूचे काज आणि गाठ

उजवा पल्ला वर आणि डावा आत, अशा ड्रेसमध्ये आतल्या पल्ल्याची कड उजव्या बाजूला येते. तिचा बंद उजव्या बाजूच्या शिवणीतल्या काजातून बाहेर येतो, पाठीवरून डाव्या बाजूला जातो आणि तिथे वरच्या पल्ल्याच्या बंदाला भेटतो. हे काज बारकाईने पाहावे. पुष्कळ तयार ड्रेसमध्ये ते दोन-दोन इंच लांब ठेवलेले असते, आणि मग बंद त्यात वर-खाली सरकत राहतो. काज बंदाच्या रुंदीपेक्षा जेमतेम पाव इंच मोठे असावे आणि त्याची दोन्ही टोके आडव्या टाक्यांनी पक्की केलेली असावीत. त्याची उंचीही नेमकी कंबरेच्या शिवणीवर असावी. काज शिवणीच्या वर असेल तर आतला पल्ला वर ओढला जातो आणि त्याचा फुगा गळ्यातून डोकावतो.

काही ड्रेसमध्ये काज नसतेच. तिथे आतल्या पल्ल्याच्या टोकाला आणि उजव्या शिवणीच्या आत, समोरासमोर, सहा-सात इंचांचे दोन साधे बंद लावून ते आधी बांधावेत आणि मग बाहेरचे बंद बांधावेत. आतला बंद कापडाच्या एकेरी थराला न लावता कंबरेच्या शिवणीत दाबून शिवावा. एकेरी थराला लावलेला बंद काही धुण्यांनंतर स्वतःभोवतीचे कापड फाडून निघतो.

बाहेरचा लांब बंद कंबरेच्या मापापेक्षा चार-सहा इंच जास्त असावा, म्हणजे पाठीवरून येऊन गाठीलाही पुरतो. गाठ बांधताना बहुतेकजणी दोन्ही वेळा एकाच हाताकडचा बंद वर घेतात. ती गाठ तिरकी बसते, फुलाची टोके उभी राहतात आणि क्रेपसारख्या कापडात ती तासाभरात ढिली होते. पहिल्या वेळी उजवा बंद डाव्यावरून घ्यावा आणि दुसऱ्या वेळी डावीकडे आलेला बंद उजवीकडच्यावरून घ्यावा. अशी गाठ चपटी बसते, तिची टोके कंबरेच्या रेषेत आडवी पडतात आणि ओढ पडली तर ती अधिक आवळते. टोके कोणत्या दिशेला पडली आहेत हे एका नजरेत दिसते, म्हणून आपली गाठ बरोबर पडली की नाही ते लगेच कळते.

खालचा पल्ला आणि खानदेशातला वारा

गळ्यानंतरची दुसरी तक्रार पायाकडच्या पल्ल्याची असते, आणि आपल्या भागात ती अधिक तीव्र आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. चैत्र-वैशाखातल्या उन्हाच्या झळा आणि त्यानंतरचा पावसाळी वारा या दोन्हींत मोकळा पल्ला आवरणे कठीण जाते.

ड्रेस घेताना आतल्या पल्ल्याची रुंदी पाहावी. तो विरुद्ध बाजूच्या शिवणीपासून दोन-तीन इंचांच्या आत पोहोचत असेल तर चालताना आणि बसताना आतून आडोसा राहतो. तो मांडीच्या मध्यावरच संपत असेल, तर तो ड्रेस घेऊ नये, कारण रुंदी नंतर वाढवता येत नाही. पल्ला अगदी सरळ कापलेला असेल तर चालताना तो उघडतो, आणि फार घेरदार असेल तर वाऱ्याने उडतो. मधला, हलका कळीदार घेर सर्वांत बरा. पातळ कापडात खालच्या दुमडीच्या कोपऱ्यात पडद्याला लावतात तसले छोटे वजन शिवून टाकता येते. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जॅकेटांमध्ये खालच्या कडेला आतून साखळी शिवण्याची पद्धत याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. कापड आपल्या वजनाने सरळ पडावे, एवढाच तिचा हेतू.

मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. डावीकडे पाय सोडून बसल्यावर वारा आपल्या उजव्या हाताकडून येतो. उजवा पल्ला वर असेल तर त्याची मोकळी कड डाव्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या पाठीमागे राहते, आणि वारा पल्ला दाबूनच ठेवतो. डावा पल्ला वर असलेल्या ड्रेसमध्ये मोकळी कड वाऱ्याच्या तोंडावर येते आणि पल्ला उचलला जातो. ज्यांना रोज असा प्रवास करावा लागतो, त्यांनी शिवायला टाकतानाच उजवा पल्ला वर ठेवायला सांगावे. स्वतः स्कूटी चालवणाऱ्यांनी गुडघ्याच्या वर चार बोटांवर आतून एक टिच बटण लावावे आणि आत स्लिप किंवा लेगिंग घालावी. दोन्ही केले तर पल्ल्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, आणि गाडी चालवताना लक्ष रस्त्यावरच असावे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना झोक्यावर बसायचे असते, आणि झोक्यावर खरा रॅप ड्रेस टिकत नाही, मग तो कितीही चांगला शिवलेला असो. त्यासाठी वरचा भाग रॅपचा आणि कंबरेखालचा पल्ला शिवून बंद केलेला, असा ड्रेस शिवून घ्यावा. तो डोक्यावरून घालावा लागतो, म्हणून उभ्या-आडव्या धाग्यांच्या, न ताणणाऱ्या कापडात डाव्या शिवणीला चेन लावायला विसरू नये. दिसायला तो हुबेहूब रॅप ड्रेसच असतो, आणि लहान मुलांच्या मागे धावणाऱ्या आयांनाही तोच अधिक सोयीचा पडतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र पूर्ण उघडणारा ड्रेसच उपयोगी. बाळंतपणानंतर माप बदलत जाते तेव्हाही बंदावर ते सांभाळता येते.

कापड निवडताना

कापूस आपल्या शेतात पिकतो, पण धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटमध्ये ड्रेसचे कापड पाहायला गेले की समोर येते ते बरेचसे सुरतेचे सिंथेटिक कापड. त्याचे प्रिंट सुंदर असतात आणि नंदुरबारकडच्या अनेकजणी तर भुसावळ-सुरत गाडीने थेट सुरतेलाच खरेदीला जातात. रॅप ड्रेससाठी मात्र त्यातले चकचकीत, घसरते कापड टाळावे. दोन थर एकमेकांवर ठेवून तळहाताने हलकेच सरकवून पाहावेत. वरचा थर सहज निसटला तर अंगावरही तो तसाच निसटणार. जळगाव-भुसावळचा उन्हाळा 44 अंशांच्या आसपास जातो, आणि रॅप ड्रेसमध्ये पोटावर व मांडीवर कापडाचे दोन थर येतात, हे विसरू नये. केंब्रिक, थोडे जाड मलमल किंवा सुती-लिनन मिश्रण उन्हाळ्यात उत्तम. हिवाळ्यात आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांना होजिअरी किंवा मॅट क्रेप चालते.

रेयॉन आणि सुती कापड आटते. शिवायला टाकण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून द्यावे. हे न केल्यास पहिल्या धुण्यानंतर वरचा भाग आखडतो, शिवण खऱ्या कंबरेच्या वर चढते आणि नीट बसलेला गळा ताठ होऊन उघडा पडतो. शिंप्याला दोष दिला जातो, पण दोष न भिजवलेल्या कापडाचा असतो.

तयार ड्रेस घेताना माप छातीवरून ठरवावे, कंबरेवरून नव्हे. कंबर बंदाने कमी-जास्त होते, छाती होत नाही. दुकानात नुसते उभे राहून पाहू नये. स्टुलावर बसावे, खाली वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखे करावे, आणि दोन्ही हात वर करावेत. दुकानदाराला थोडा वेळ थांबावे लागले तरी हरकत नाही.

नेसवण आणि दागिने

आत त्वचेला जुळत्या रंगाची स्लिप घालावी. पांढरी स्लिप गळ्यातून चटकन नजरेत येते, त्वचेच्या रंगाची येत नाही. लांब वाटीचे मंगळसूत्र घालणाऱ्यांच्या गळ्याची कड बरेचदा मंगळसूत्रानेच ओढली जाते, कारण वाट्या पल्ल्यांच्या छेदात अडकतात आणि वाकले की कड सोबत येते. रॅप ड्रेसवर आखूड मंगळसूत्र किंवा गळ्यालगतचा नाजूक दागिना घालावा. तिरक्या गळ्याच्या मोकळ्या जागेत तो छान बसतो. ओढणी घ्यायची असेल तर पिन खांद्याच्या शिवणीवर लावावी, गळ्याच्या कडेवर कधीही लावू नये. गाठ अगदी मध्यावर न ठेवता डावीकडे घेतली तर पोट सपाट दिसते आणि कापडाच्या चुण्या एका दिशेने पडतात. मोठे ठसे असलेल्या प्रिंटमध्ये दोन पल्ल्यांचे नक्षीकाम जुळत नाही आणि नजर तिथेच अडकते, म्हणून बारीक ठशांचे किंवा एकरंगी कापड घ्यावे. पायात साधी कोल्हापुरी पुरेशी आहे.

दुरुस्तीनंतर तक्रार परत येऊ नये म्हणून

दुरुस्त केलेला ड्रेस हँगरवर टांगू नये. तिरकी कड स्वतःच्या वजनाने दिवसरात्र खाली ओढली जाते, आणि आत फीत नसलेला गळा काही महिन्यांत पुन्हा वाढतो. तो साडीसारखा घडी घालून ठेवावा. वाळवतानाही दोरीवर कंबरेच्या रेषेत आडवा टाकावा, खांद्याला चिमटे लावू नयेत. ओले रेयॉन कमजोर झालेले असते आणि सहज ताणले जाते. इस्त्री गळ्याच्या कडेवरून ओढत नेऊ नये, एका जागी दाबून उचलावी आणि पुढे ठेवावी. मशीनमध्ये टाकण्याआधी दोन्ही बंद सैल गाठीत एकत्र बांधावेत, म्हणजे ते इतर कपड्यांत गुंतत नाहीत आणि आतल्या टाक्यांवर ताण येत नाही.